मुलांसोबत जुने संगीतपट पाहताना: 'काळच तसा होता' या उत्तराची तपासणी

१. प्रस्तावना

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने साठ वर्षे जुन्या 'मेरी पॉपिन्स' या चित्रपटाचे प्रमाणपत्र बदलले. १९६४ पासून तो सर्व वयाच्या प्रेक्षकांसाठी खुला होता. आता तो पालकांच्या मार्गदर्शनाची गरज असलेल्या वर्गात गेला. कारण एका शब्दाचे होते. चित्रपटातील निवृत्त नौदल अधिकारी ॲडमिरल बूम हे दक्षिण आफ्रिकेतील खोइखोई लोकांसाठी युरोपीय वसाहतवाल्यांनी रूढ केलेला हेटाळणीचा शब्द वापरतात. धुराडी साफ करणारे कामगार काजळीने माखलेल्या तोंडांनी छपरांवर नाचतात, तेव्हाही त्यांच्या तोंडी तोच शब्द येतो.

या बातमीवर ठरावीक दोन प्रतिक्रिया उमटल्या. एक बाजू म्हणाली, अशा चित्रपटांपासून मुलांना दूरच ठेवावे. दुसरी म्हणाली, 'काळच तसा होता, त्यात एवढे काय?' इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोन्ही उत्तरांवर थांबता येत नाही. पहिले उत्तर पुरावाच नजरेआड करते. दुसरे उत्तर पुरावा न तपासता निकाल देते.

या पाठात आपण प्रामुख्याने १९२७ ते १९६५ या काळातील हॉलिवूडचे संगीतपट पाहणार आहोत. संगीतपट म्हणजे ज्या चित्रपटात गाणी आणि नृत्ये कथाच पुढे नेतात असा चित्रपट. मुलांसोबत पाहण्यासाठी यांतले काय निवडावे, हा प्रश्न घरगुती वाटतो. पण तो सोडवताना वर्ण, साम्राज्य आणि स्त्री-पुरुष संबंध यांचा इतिहास वाटेत येतोच. पाठाचे मुख्य प्रतिपादन असे: 'काळ' एकमुखी नसतो. ज्या काळात एखादा अपमानकारक प्रसंग पडद्यावर आला, त्याच काळात त्याला नाही म्हणणारे लोकही होते. त्यांचा आवाज शोधला की निवड करणे सोपे जाते आणि मुलांना काय सांगायचे तेही सापडते.

२. काळा रंग फासलेला चेहरा: रंगभूमीकडून आलेला वारसा

६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द जॅझ सिंगर' प्रदर्शित झाला. मुद्रित संवाद आणि गाणी असलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याची नोंद घेतली जाते. त्याचा नायक अल जोल्सन हा ज्यू स्थलांतरित कुटुंबातला गायक. पडद्यावर तो चेहऱ्याला काळा रंग फासून गातो. म्हणजे बोलपट आणि ही प्रथा यांची गाठ पहिल्याच दिवशी पडली.

ही प्रथा चित्रपटाने शोधलेली नाही. १८३० च्या सुमारास थॉमस राइस या गोऱ्या नटाने 'जिम क्रो' नावाचे एक पात्र रंगवले. काळ्या गुलामाची ती नक्कल होती: फाटके कपडे, वेडेवाकडे नाचणे, मोडकी भाषा. त्यातून मिन्स्ट्रेल प्रयोगांची लाट आली आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील लोकप्रिय करमणुकीत या प्रयोगांना मोठे स्थान मिळाले. पुढे दक्षिणेकडील राज्यांनी काळ्या नागरिकांना वेगळे ठेवणारे जे कायदे केले, त्यांना लोक 'जिम क्रो कायदे' म्हणू लागले. विनोदी पात्राचे नाव अन्यायकारक कायद्याला चिकटले, यावरून त्या विनोदाचे सामाजिक वजन कळते.

हे प्रयोग भारतातही आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्ह कार्सन हा मिन्स्ट्रेल नट इथे खेळ करत असे. त्याने तीच युक्ती इथल्या लोकांवर वापरली. त्याची 'बंगाली बाबू'ची नक्कल गाजली. १८७० च्या दशकात कलकत्त्याचे नट अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी त्याला रंगमंचावरूनच उत्तर दिले. त्यांनी साहेबाची नक्कल केली. ज्यांची टिंगल झाली ते गप्प बसले नव्हते, याचे हे आपल्याच भूमीवरचे उदाहरण आहे.

संगीतपटांत ही प्रथा बराच काळ टिकली. 'स्विंग टाइम' (१९३६) मध्ये फ्रेड ॲस्टेअर थोर काळे नर्तक बिल रॉबिन्सन यांना मानवंदना देतो, पण चेहरा काळा करून. नृत्य म्हणून तो प्रसंग असामान्य आहे. त्याच वर्षांत खुद्द रॉबिन्सन हॉलिवूडमध्येच काम करत होते. 'द लिट्ल कर्नल' (१९३५) मध्ये बालतारका शर्ली टेंपलसोबत त्यांनी केलेले जिन्यावरचे नृत्य आजही पाहावे असे आहे. त्यांना भूमिका मिळाली होती ती मात्र नोकराची. मानवंदना गोऱ्या नटाने द्यायची आणि मूळ कलावंताने चहाचे तबक धरायचे, ही त्या उद्योगाची वाटणी होती.

३. 'कुटुंबासाठी योग्य' याचा अर्थ कोणी ठरवला?

जुने चित्रपट मुलांना दाखवायला सुरक्षित, असे आपण सहज म्हणतो. त्यात शिव्या नसतात, रक्तपात नसतो, प्रणय संयमित असतो. हा योगायोग नव्हे. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये एक आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे लागू केली. पटकथा आधी तपासल्या जात. काय दाखवू नये याची यादी होती.

त्या यादीत गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधील लैंगिक संबंधांचाही समावेश होता. काळा रंग फासून केलेली नक्कल मात्र या तपासणीतून बिनबोभाट पार होई. म्हणजे त्या संहितेच्या दृष्टीने आंतरवंशीय प्रेम अश्लील होते आणि वंशाची टिंगल निरागस. आज आपल्याला जी 'स्वच्छता' भावते ती याच चाळणीतून आलेली आहे.

बाजारपेठेचाही दबाव होता. दक्षिणेकडील चित्रपटगृहांत काळ्या कलावंतांना सन्मानाने दाखवणारे प्रसंग चालणार नाहीत, असा स्टुडिओंचा हिशेब असे. गायिका लीना हॉर्न यांना एमजीएम स्टुडिओने १९४० च्या दशकात करारबद्ध केले. पण अनेक चित्रपटांत त्यांचे गाणे कथेपासून सुटे ठेवले जाई, म्हणजे दक्षिणेत ते कापून टाकले तरी कथा अडत नसे. 'केबिन इन द स्काय' आणि 'स्टॉर्मी वेदर' (दोन्ही १९४३) हे काळ्या कलावंतांचे संगीतपट वेगळ्या खणात ठेवल्यासारखे निघाले. 'स्टॉर्मी वेदर'च्या शेवटी निकोलस बंधूंचे जे जिन्यावरचे नृत्य आहे, ते पाहून कोणतेही मूल थक्क होईल.

यातून निवडीचा पहिला धडा मिळतो. पडद्यावर काय चुकीचे दिसते एवढेच पाहणे पुरेसे नाही. कोण दिसतच नाही, हेही पाहावे लागते. आक्षेपार्ह शब्द नसलेला, पण ज्यात एकही काळा माणूस नाही असा अमेरिकी शहराचा चित्रपट मुलांच्या मनात तितकेच अपुरे चित्र उभे करतो.

४. अहमदनगरची मुलगी आणि सयामचा राजा

साम्राज्याच्या मूल्यांचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे 'द किंग अँड आय' (१९५६). एक इंग्रज शिक्षिका सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवायला जाते आणि हट्टी, काहीशा रानवट राजाला सभ्यता शिकवते, अशी ही कथा. गाणी, पोशाख, जेरोम रॉबिन्स यांची नृत्यरचना सगळे देखणे. मुलांची तर त्यात फौजच आहे. थायलंडने या चित्रपटावर बंदी घातली. ती का, हे समजण्यासाठी दोन खऱ्या माणसांकडे पाहू.

राजा मोंगकुट १८५१ मध्ये गादीवर आले. त्याआधी सत्तावीस वर्षे ते बौद्ध भिक्षू होते. त्यांना पाली आणि इंग्रजी येत होती, खगोलशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे त्यांनी स्वतः गणित केले आणि ते पाहण्यासाठी परदेशी पाहुण्यांनाही बोलावले. त्या प्रवासात त्यांना हिवताप झाला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. याच ग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी युरोपीय शास्त्रज्ञ आंध्रातील गुंटूरला आले होते. ज्या राजाला पडद्यावर विज्ञानाचे प्राथमिक धडे घ्यावे लागतात, तो प्रत्यक्षात असा होता.

शिक्षिका ॲना लिओनोवेन्स १८६२ ते १८६७ या काळात बँकॉकच्या दरबारात होत्या. आपला जन्म वेल्समध्ये झाला, असे त्या सांगत. १९७० च्या दशकात संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्यांचा जन्म १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे झाल्याचे निघाले. वडील कंपनीच्या फौजेतले साधे सार्जंट. आजी बहुधा भारतीय होती. लग्न पुण्यात झाले. मिश्र वंशाच्या बाईला साम्राज्याच्या उतरंडीत काय स्थान मिळते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी आपले मूळ लपवले असावे. पडद्यावर जी 'पश्चिमेची प्रतिनिधी' म्हणून उभी राहते, ती मराठी मुलखातल्या लष्करी छावणीत जन्मलेली मुलगी होती.

तर मग हा चित्रपट मुलांना दाखवायचा का? शाळकरी मुलांना दाखवता येईल, पण ही खरी गोष्ट सोबत देऊन. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ग्रहणाचे गणित मांडणारा राजा आणि जन्मगाव लपवणारी शिक्षिका हे दोघेही चित्रपटातल्या पात्रांपेक्षा अधिक रंजक वाटण्याची शक्यता आहे. गोष्ट कोणी सांगितली आणि कोणाच्या फायद्याची सांगितली, हा इतिहासलेखनाचा प्रश्न त्या वयात कळू शकतो.

५. त्या काळीही 'नाही' म्हणणारे

आता 'काळच तसा होता' या वाक्याची थेट तपासणी करू.

डिस्नेचा 'साँग ऑफ द साउथ' १९४६ मध्ये अटलांटा शहरात प्रथम दाखवला गेला. मळ्यावरचे जीवन त्यात गोड आणि समाधानी दिसते. अंकल रीमसची मुख्य भूमिका करणारे जेम्स बास्केट त्या समारंभाला जाऊ शकले नाहीत, कारण शहरात वंशभेदाचे नियम होते. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्याच वर्षी चित्रपटातील मालक-मजूर संबंधांच्या गोंडस चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला. आक्षेप आजच्या पिढीच्या 'हळवेपणा'तून आला, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

उलट दिशेचे उदाहरण 'साउथ पॅसिफिक'चे. हे नाटक १९४९ मध्ये रंगमंचावर आले आणि १९५८ मध्ये त्याचा चित्रपट झाला. त्यात एक छोटे गाणे आहे. वंशद्वेष जन्मजात नसतो, लहानपणी तो जपून शिकवला जातो, असा त्याचा आशय. १९५३ मध्ये नाटकाचा दौरा अटलांटात झाला, तेव्हा जॉर्जिया राज्याच्या काही आमदारांनी या गाण्यावर आंतरवंशीय विवाहाचे समर्थन केल्याचा ठपका ठेवला आणि मॉस्कोप्रेरित करमणुकीला आळा घालणारे विधेयक मांडले. आंतरवंशीय विवाहांवरील बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती १९६७ मध्ये. म्हणजे त्याच दशकात, त्याच शहरात, एक गाणे काळाशी भांडत होते आणि सत्ताधारी त्याच्याशी.

तरीही 'साउथ पॅसिफिक' निर्दोष नाही. आग्नेय आशियाई आईची भूमिका आफ्रिकी-अमेरिकी अभिनेत्री जुआनिटा हॉल यांनी केली, आणि तिच्या मुलीला बोलायला फारसे शब्दच दिलेले नाहीत. चांगला विचार मांडणारी कलाकृतीही आपल्या काळाच्या सवयींतून पूर्ण सुटत नाही. मुलांना सांगण्यासारखी ही मोठी गोष्ट आहे.

स्त्री-पुरुष संबंधांबाबतही असेच दिसते. 'माय फेअर लेडी' (१९६४) च्या शेवटी एलायझा आपल्याला हिणवणाऱ्या प्राध्यापकाकडे परत येते. मूळ 'पिग्मॅलियन'चे लेखक बर्नार्ड शॉ यांना असा शेवट नको होता. प्रेक्षकांनी आणि नटांनी ती जोडी जमवायचा आग्रह धरला, तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी पुस्तकाला मुद्दाम उपसंहार जोडला आणि एलायझा त्या प्राध्यापकाशी लग्न करत नाही, हे स्पष्ट केले. म्हणजे 'जुने' मत चित्रपटाचे आणि 'नवे' मत त्याआधीच्या अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचे! याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. मराठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिच्या शेवटाची तुलना जरूर करावी.

६. निवड कशी करावी: तीन प्रकार

वरील विवेचनावरून जुन्या संगीतपटांचे तीन गट पाडता येतात.

(अ) दोष एखाद्या प्रसंगात आहे. 'हॉलिडे इन' (१९४२) मध्ये लिंकनच्या जयंतीचे गाणे काळा रंग फासून सादर होते. कथा त्यावर उभी नाही, म्हणून दूरचित्रवाणीवर तो भाग अनेकदा कापला गेला. 'मेरी पॉपिन्स'मधला शब्दही याच गटात येतो. अगदी लहान मुलांसोबत असा प्रसंग वगळला तर मोठे नुकसान नाही. थोड्या मोठ्या मुलांसोबत मात्र तो वगळण्यापेक्षा थांबवून दोन वाक्यांत समजावणे चांगले. कापलेल्या प्रतीवर वाढलेल्या मुलाला हा वारसा होता हेच कळत नाही.

(आ) दोष कथेच्या कण्यात आहे. 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४) मध्ये भाऊ गावातल्या मुलींना पळवून आणतात आणि हिमस्खलनाने वाट बंद झाल्यावर मुली त्यांच्याच प्रेमात पडतात. मूळ सूत्र प्राचीन रोमच्या सॅबाइन स्त्रियांच्या अपहरणाच्या आख्यायिकेचे. आपल्याकडचा 'सत्ते पे सत्ता' (१९८२) याच चित्रपटावर बेतलेला आहे. मायकेल किड यांनी बसवलेले लाकडी फळ्यांवरचे नृत्य अप्रतिम आहे, पण इथे वगळायचे म्हटले तर कथाच वगळावी लागेल. लहान मुलांना फक्त ते नृत्य दाखवावे. पूर्ण चित्रपट संमतीचा अर्थ समजणाऱ्या वयासाठी राखून ठेवावा.

(इ) चित्रपट स्वतःच आपल्या मूल्यांशी वाद घालतो. 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) मध्ये सतरा-अठरा वर्षांचा रॉल्फ सोळा वर्षांच्या लीझलला गाण्यातून सांगतो की, तिला जगाचे कळत नाही, तो तिला सांभाळेल. गाणे आजच्या पालकांना खटकते. पण हाच रॉल्फ पुढे नाझींना सामील होतो आणि शेवटी लीझलच्या कुटुंबाचा ठावठिकाणा उघड करतो. 'सांभाळणारा' कसा निघाला, हे कथेनेच दाखवले आहे. अशा चित्रपटात उपदेश करायची गरज नसते. शेवटपर्यंत पाहून 'तेव्हा रॉल्फ काय म्हणाला होता?' एवढे विचारले तरी पुरते.

'मेरी पॉपिन्स'मधल्या मिसेस बँक्स या (अ) आणि (इ) यांच्या मध्ये उभ्या आहेत. कथा १९१० ची. त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटतात, पण चित्रपट त्यांच्याकडे गमतीने पाहतो आणि शेवटी त्यांच्या चळवळीचा पट्टा पतंगाचे शेपूट होतो. चळवळ संपून कुटुंब जुळले, असा त्याचा अर्थ लावता येतो. चळवळच आकाशात गेली, असाही लावता येतो. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१८ मध्ये. म्हणजे मिसेस बँक्स यांचे काम अजून संपले नव्हते.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, एवढे समजावत बसले तर मुलांचा आनंद जाईल. तो रास्त आहे. म्हणून सुरुवातीला दोन वाक्ये सांगावीत, पाहताना शक्यतो बोलू नये आणि प्रश्न नंतर विचारावेत. ऑक्टोबर २०२० पासून डिस्नेने 'डंबो' (१९४१), 'पीटर पॅन' (१९५३) अशा चित्रपटांआधी सूचना दाखवायला सुरुवात केली. अशी पाटी उपयोगी आहे, पण ती मुलाशी बोलत नाही. बोलायला घरातलेच माणूस लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समोरचे मूल कोण, याचा विचार आपण करतो का? काळ्या किंवा थाई मुलासाठी हा 'इतिहासाचा धडा' नसतो. पडद्यावर त्याचीच थट्टा चाललेली असते. भारतातही रंगावरून, जातीवरून, बोलीवरून चिडवली जाणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या शेजारी बसून हसणारा वर्ग पाहिला की, पडद्यावरचा विनोद किती जवळचा आहे हे कळते. चर्चेचे ओझे नेहमी अपमानित मुलावरच पडू नये. म्हणून वर्गात चित्रपट दाखवण्याआधी शिक्षकाने तो एकट्याने संपूर्ण पाहिलाच पाहिजे.

भारतात २०२४ च्या नियमांनुसार ७, १३ आणि १६ वर्षे असे वयोगट प्रमाणपत्रांत आले आहेत. ते पालकांना मदत करतील. पण गाणे वय पाहून मनात शिरत नाही. चाल आधी पाठ होते, अर्थ पुढे कित्येक वर्षांनी कळतो. संगीतपटाची ताकद आणि धोका दोन्ही इथेच आहेत.

८. समारोप

जुन्या संगीतपटांतील खटकणाऱ्या मूल्यांना प्रत्येक वेळी ठरावीक उगम असतो: मिन्स्ट्रेल रंगभूमी, १९३४ नंतरची आचारसंहिता, दक्षिणेची बाजारपेठ, साम्राज्याची उतरंड. तो उगम माहीत असला की दोष प्रसंगात आहे, कण्यात आहे की वादात, हे ठरवता येते. आणि अर्धेंदुशेखर मुस्तफी, एनएएसीपी, शॉ यांच्यासारखे त्या त्या वेळी विरोध करणारे लोक आठवले की 'काळच तसा होता' हे वाक्य अर्धवट ठरते. मुलाने 'तेव्हा सगळ्यांना हे चालत होते का?' असे विचारले, तर 'नाही' हे खरे उत्तर आहे. कोणाला चालत नव्हते, त्यांची नावे आता आपल्याला सांगता येतील.

स्वाध्याय

१. 'कुटुंबासाठी योग्य' ही कल्पना १९३४ नंतरच्या आचारसंहितेने कशी घडवली, ते उदाहरणांसह लिहा.

२. राजा मोंगकुट आणि ॲना लिओनोवेन्स यांच्याविषयीची ऐतिहासिक माहिती व 'द किंग अँड आय'मधील चित्रण यांची तुलना करा.

३. आपल्या भाषेतील १९७० पूर्वीचा एक गाणीप्रधान चित्रपट निवडा. त्यातील खटकणारे मूल्य वरील तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसते? त्या काळी त्याला कोणी विरोध केला होता का, याचा जुन्या वर्तमानपत्रांत शोध घ्या.